पाल पाळणे

मागच्या शनिवारी मी टोफूला शेवटचं वजनकाट्यावर ठेवलं. ४६ ग्रॅम. हा काटा खरं तर कॉफी मोजायला घेतला होता, पण गेली चार वर्षं दर पंधरवड्याला त्यावर एक पाल बसते. बसते, इकडेतिकडे बघते, जिभेने स्वतःचा डोळा चाटते आणि आकडा स्थिर व्हायच्या आत उडी मारते. मग पुन्हा पकडा, पुन्हा ठेवा.

‘पाल’ शब्द ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर जे आलं ते हे नव्हे, असं मी पूर्वी लगेच समजावून सांगायचो. ही क्रेस्टेड गेको. डोळ्यांच्या वर पापण्यांच्या केसांसारखी बारीक काट्यांची झालर, ती तशीच पाठीकडे गेलेली. हात लावला तर अंग मऊ चामड्याच्या पाकिटासारखं. चेहरा कायम किंचित हसल्यासारखा. आता नाही समजावत. पाल ती पालच. बोटांखाली त्याच पट्ट्या, काचेवर तशीच सरसर, चिडली की तोंडातून आवाज. फरक एवढाच, की घरातल्या पालीला आपण झाडूने हाकलतो आणि हिच्यासाठी मी काचेची पेटी, फवारा, सेन्सर आणि कुंड्या यांवर पहिल्या पगारातला चांगला मोठा भाग घातला.

हा फरक ‘एवढाच’ नाही, हे कळायला मात्र वेळ लागला.

*

मी रावेरचा. जळगाव जिल्हा, केळीचा पट्टा. आमच्या घरी ट्यूबलाइटच्या पट्टीमागे दोन पाली राहायच्या. संध्याकाळी दिवा लागला की बाहेर यायच्या आणि किडे टिपायच्या. कुणी काही बोलत असताना पाल चुकचुकली की आजी जमिनीवर बोटाने टकटक करून ‘खरं आहे’ म्हणायची. पंचांगात तर पल्लीपतनाचं कोष्टकच असतं: पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ. मला लहानपणी वाटायचं, ज्या प्राण्याच्या पडण्याचंसुद्धा कोष्टक आहे, त्याच्या दुखण्याबद्दल कुठेच काही कसं लिहिलेलं नाही?

खोटं बोलतोय. लहानपणी असलं काही वाटत नव्हतं. लहानपणी मी आणि माझा मावसभाऊ फूटपट्टीने पालींच्या शेपट्या तोडायचो.

तुटलेली शेपटी कशी वळवळते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. आम्ही ती किती वेळ वळवळते ते घड्याळ लावून मोजायचो. पाल कुठे गेली हे बघत नव्हतो. काही दिवसांनी तीच पाल बुंध्याला फिकट, आखूड शेपटी घेऊन पट्टीमागून डोकवायची, आणि आपण काही वाईट केलं असं वाटण्याचं कारणच उरायचं नाही. जे परत उगवतं ते तोडणं हा गुन्हा नाही, असा हिशोब दहाव्या वर्षी डोक्यात पक्का बसला होता. पुढे इंजिनिअरिंगने तो अजून पक्का केला. काही बिघडलं तर मागच्या व्हर्जनवर या. बॅकअप घेतलेला असला की रात्री झोप लागते.

*

मास्टर्ससाठी मी पिट्सबर्गला आलो. अमेरिकेत क्रेस्टेड गेको हा काही फार दुर्मीळ शौक नाही. पाळीव प्राण्यांच्या मोठ्या दुकानांत हॅमस्टरच्या शेजारी मिळतात. माझ्या रूममेटकडे हा होता. डिग्री संपली, त्याला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली, तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नव्हते. ‘दोन-तीन महिने सांभाळ, मग घेऊन जातो,’ म्हणाला. मी हो म्हटलं. दोन-तीन महिन्यांनी त्याने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. टोफू तेव्हा तीनेक वर्षांचा होता. नीट सांभाळलं तर ही जात पंधरा-वीस वर्षं जगते, हे मला त्याच्या जाण्यानंतर वाचून कळलं.

सांभाळणं अवघड नाही, पण नेमकं आहे. पेटी उभी हवी, किमान ४५ बाय ४५ बाय ६० सेंटिमीटर, कारण हा झाडावरचा प्राणी आहे. आडव्या पेटीत त्याला चढायलाच उरत नाही. तापमान २२ ते २६ अंश सेल्सिअस. सरपटणारा प्राणी म्हणजे त्याला वरून तापलेला दिवा हवा असा लोकांचा समज असतो. हा उलटा. २८च्या वर गेलं की त्याला त्रास व्हायला लागतो, आणखी वर गेलं तर जिवावर बेततं. आमच्याकडची मे महिन्यातली एक दुपार त्याला काढता आली नसती. रोज संध्याकाळी पानांवर पाण्याचा फवारा मारायचा, तो थेंब चाटून पाणी पितो. पण दिवसा पेटी वाळलीही पाहिजे, सतत ओल राहिली तर आजार. खाण्यासाठी फळं आणि किड्यांची प्रथिनं यांची तयार पूड मिळते, ती पाण्यात कालवून पातळसर करायची आणि बाटलीच्या झाकणाएवढ्या वाटीत, उंचावर ठेवायची. अधूनमधून कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे.

मी केळीच्या गावचा, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मोठ्या कौतुकाने पिकलेलं केळ कुस्करून दिलं. अधाशासारखं चाटलं त्याने. मला काय आनंद झाला! व्हिडिओ काढून घरी पाठवला. मग वाचलं, की केळ्यात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फार कमी, आणि नुसत्या फळांवर ठेवलेल्या अशा पालींची हाडं मऊ होऊन वाकतात. त्याला आवडलं होतं, मला आवडलं होतं, आईला आवडलं होतं. तिघांचंही चुकलं होतं.

*

त्याच वर्षीच्या दिवाळीत माझ्याकडे आठ-दहा जण जेवायला आले होते. फराळ झाला, पत्ते झाले, मग कुणीतरी म्हणालं, ‘तुझी पाल दाखव ना.’ टोफू पानामागे झोपला होता. ही निशाचर जात. रात्रीचे दहा म्हणजे खरं तर त्याची उठायची वेळ, पण त्या दिवशी घरात दिवे होते, आवाज होते, तो बाहेर आला नव्हता. मी हात घालून काढला. एकाच्या तळहातावर दिला. कुणीतरी फोन अगदी तोंडाजवळ नेला, फ्लॅश उडाला, टोफूने उडी मारली आणि मी हवेत त्याला पकडायला गेलो.

माझ्या मुठीत शेपटी राहिली.

खोलीत दोन सेकंद शांतता आणि मग कुणीतरी म्हणालं, ‘अरे, येते ना ती परत?’ शेपटी माझ्या हातात वळवळत होती. किती वेळ, ते या वेळी मोजलं नाही.

क्रेस्टेड गेकोची शेपटी परत येत नाही. आपल्या घरातल्या पालीची येते, याची येत नाही. तुटली ती तुटली. मागे एक छोटंसं टोक राहतं, जखम आपोआप बंद होते, रक्त जवळजवळ येतच नाही. त्या शेपटीच्या टोकालाही बोटांसारखीच चिकट गादी असते, फांदीला विळखा घालायला आणि तोल सांभाळायला तो ती वापरतो. पुढचे काही आठवडे मी त्याला उड्या चुकताना पाहिलं. मग तो शिकला.

पाळणाऱ्यांच्या जगात याला एक ठरलेलं सांत्वन आहे: जंगलात सापडणाऱ्या बहुतेक प्रौढ क्रेस्टेड गेकोंना शेपटी नसतेच. हे खरं आहे. मी ते स्वतःला अनेकदा ऐकवलं. पण जंगलातल्याने शेपटी दिली ती जीव वाचवण्यासाठी. याने दिली ती एका स्टोरीसाठी, जी चोवीस तासांनी पुसली जाते.

तीन दिवसांनी तो माझ्या हातातल्या चमच्यातून खायला लागला. माझी एक मैत्रीण म्हणाली, ‘बघ, माफ केलं त्याने तुला.’ ती हे प्रेमाने म्हणाली, आणि मला ते हवंसं वाटलं, आणि ते खोटं होतं. माफ करायला आधी समोरच्याला कळावं लागतं, की जे झालं ते कुणीतरी केलं. टोफूच्या बाजूने मोठा धोका आला, शेपटी दिली, धोका गेला, भूक लागली. त्याच्याकडे माझ्याविरुद्ध तक्रारच नाही. मग चूक जाते कुठे? माणसाशी वागताना चुकीला एक रस्ता असतो: सांगणं, रागावणं, अबोला, कधीतरी मिटणं. इथे दुसरं टोकच नाही. चूक माझ्याकडेच पडून राहते. आणि आश्चर्य म्हणजे ती एकटी राहिली नाही, रावेरच्या त्या सगळ्या शेपट्या तिच्या शेजारी येऊन बसल्या. त्या उगवल्या होत्या, तरी.

*

प्राण्यांबद्दलच्या नैतिक चर्चेत जेरेमी बेंथमचं नाव हमखास येतं. १७८९ मध्ये त्याने म्हणून ठेवलं, की प्राणी विचार करू शकतात का, बोलू शकतात का हे विचारू नका; त्यांना यातना होऊ शकतात का ते विचारा. सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ हा प्रश्न कामाला येतोय आणि येणारच. पण टोफूच्या बाबतीत तो मला पुरत नाही. यातना होऊ नयेत एवढं मी पाहू शकतो. तो बरा आहे का, हे कसं पाहू?

थॉमस नेगेलचा १९७४ मधला वटवाघळावरचा प्रसिद्ध निबंध आहे. वटवाघळाचं सगळं शरीरशास्त्र आपल्याला कळलं, तरी वटवाघूळ असणं हे वटवाघळाला आतून कसं लागतं ते आपल्या हाती येत नाही, असा त्याचा मुद्दा. पापण्या मिटता येत नाहीत म्हणून जिभेने डोळे पुसणारा, काचेला पाय चिकटवून उलटा झोपणारा प्राणी समोर असला की हा मुद्दा फार पुस्तकी राहत नाही. रात्री दोन वाजता काम करता करता मी मान वर करतो तर तो काचेला पोट लावून माझ्याकडे बघत असतो. माझ्याकडे की खोलीतल्या उजेडाकडे की कशाकडेच नाही?

ऑफिसात माझं काम सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या सिस्टिम्सचं आहे. टोफूसाठीही मी तसाच एक डॅशबोर्ड बनवला होता. तापमान, आर्द्रता, वजनाचा आलेख. काही हललं की फोनवर सूचना. मित्रांना दाखवायला मला तो फार आवडायचा. पण या धंद्यातल्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असते: डॅशबोर्ड सगळा हिरवा आहे म्हणजे वापरणारा खूश आहे असं नाही. आपण जे मोजायचं ठरवलं ते ठीक आहे, इतकंच ते हिरवेपण सांगतं. टोफूचं वजन स्थिर होतं, कात नीट निघत होती, विष्ठा ठीक होती. बाकीचं मी त्याच्या त्या हसऱ्या तोंडावरून वाचत होतो, आणि ते तोंड तसंच असतं, मेल्यावरही.

*

मग स्वतःला समर्थनं द्यायला लागलो. सगळ्यात भारी समर्थन या जातीच्या इतिहासातच आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला न्यू कॅलेडोनिया नावाची फ्रेंच ताब्यातली बेटं आहेत. ही पाल फक्त तिथली. १८६६ मध्ये अल्फोन्स गिशनो या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. पुढे ती नामशेषच झाली असं धरलं जात होतं. १९९४ मध्ये, एका वादळानंतर, ती पुन्हा सापडली. तेव्हा काही मोजके जीव बाहेर नेले गेले, त्यांची वीण सुरू झाली, आणि आज अमेरिकेत, युरोपात, जपानात काचेच्या पेट्यांत त्यांचे अगणित वंशज आहेत. न्यू कॅलेडोनिया आता जंगलातून नेऊ देत नाही.

म्हणजे बघा, जी संपली म्हणत होते ती पाळणाऱ्यांनी वाचवली! ऐकायला छान. मीही हे पार्टीत सांगायचो. पण जंगलातली जात आजही धोक्यात आहे. तिथे बाहेरून आलेली एक छोटी लाल मुंगी जंगलं व्यापतेय, उंदीर आणि मांजरं आहेत. माझ्या पेटीने त्यातलं काहीही थांबत नाही. पेटीतल्या पिढ्या रंगासाठी निवडून वाढवलेल्या आहेत. उद्या तिकडची संपली तर इकडची नेऊन सोडू असं ते काम नाही. हा बॅकअप नव्हे. ही वेगळीच शाखा आहे, जी मूळ कोडमध्ये परत कधी मर्ज होणार नाही.

उलट बाजूची माणसंही आहेत. कायदेपंडित गॅरी फ्रॅन्सिओनी म्हणतात, पाळण्यासाठी प्राणी जन्माला घालणंच बंद करा, आणि जे आधीच आहेत त्यांना मात्र नीट सांभाळा. पहिल्या अर्ध्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आज कुणी विचारलं तर मी नवी क्रेस्टेड गेको विकत घ्या म्हणणार नाही. पण टोफू आहे. तो असावा की नसावा हा प्रश्न त्याच्या जन्माआधीच दुसऱ्या कुणी सोडवून टाकला होता.

*

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत मोठं वादळ होऊन आमच्या भागातली वीज गेली. दुपारी चारला गेली. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या खिडक्या. सात वाजता पेटीतलं तापमान २९ झालं. फ्रीजरमधल्या बर्फाच्या पिशव्या कापडात गुंडाळून पेटीवर ठेवल्या, त्या संपल्या. नऊ वाजता मी टोफूला ओला टिश्यू घातलेल्या डब्यात घेतलं, झाकणाला भोकं पाडलेलीच होती, आणि खाली जाऊन गाडीत बसलो. एसी लावला. चोवीस तास उघड्या असलेल्या एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी नेऊन ठेवली, म्हणजे निदान संडासाची सोय.

रावेरला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. आई चहा करत होती. मी फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. मला वाटलं ती हसेल.

ती म्हणाली, ‘मे महिन्यात इथे पंचेचाळीसच्या वर गेलं होतं. आपल्या कूलरची मोटर जळाली होती. चार दिवस. तू विचारलं नाहीस.’

‘तू सांगितलं कुठे मला?’

‘ती पाल सांगते का?’

रागाने नाही म्हणाली. चहात साखर किती, विचारावं तसं. मग म्हणाली, ‘पेट्रोल आहे ना गाडीत? झोपू नको तसाच, एसी लावून.’ आणि ठेवला.

रात्रभर मी जागाच होतो, त्यामुळे उत्तर तयार करायला भरपूर वेळ मिळाला. उत्तर असं: आईला कूलरवाला बोलावता येतो. शेजारी जाता येतं. मला फोन करता येतो. टोफूला यातलं काहीच करता येत नाही. गरम झालं तर जंगलातली पाल बुंध्याच्या सावलीत, खाली ओल्या पाचोळ्याजवळ जाते. आमच्या ट्यूबलाइटमागची पाल भिंतीच्या भेगेत जाते. टोफू कुठेही जाऊ शकत नाही, कारण मी त्याला काचेत ठेवलंय. ज्याच्या सगळ्या वाटा आपण बंद केल्या, त्याचं ऊन, पाणी, भूक, भीती सगळं आपल्या खात्यावर येतं. तो सुंदर आहे म्हणून नाही, त्याचा माझ्यावर जीव आहे म्हणून तर नाहीच. वाटा बंद केल्या म्हणून.

हे उत्तर बरोबर होतं. आजही मला ते बरोबर वाटतं. पण ते फोन करून आईला ऐकवायची माझी हिंमत झाली नाही, आणि बरोबर उत्तराची लाज का वाटते, हा त्या रात्रीचा खरा प्रश्न होता.

*

संत नामदेवांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. कुत्र्याने पोळी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. लहानपणी ही भक्तीची गोष्ट म्हणून ऐकली. आता माझं लक्ष दुसरीकडे जातं. तो कुत्रा पळत होता. त्याला पळता येत होतं. नामदेवांच्या तुपाशिवायही त्याचं भागलं असतं, म्हणून ते तूप म्हणजे निव्वळ माया. मी टोफूला जे देतो ती माया नाही. ती फेड आहे.

सू डोनाल्डसन आणि विल किमलिका यांचं २०११ मधलं ‘झूपोलिस’ हे पुस्तक प्राण्यांचे तीन गट करतं. माणसाळलेले, जंगली, आणि मधले: जे आपल्या वस्तीत राहतात पण आपले नसतात. चिमण्या, उंदीर, खारी. आमच्या ट्यूबलाइटमागच्या पाली या मधल्या. त्यांना माझ्याकडून काय हवं होतं? फारसं काही नाही. भिंत, दिवा, आणि फूटपट्टी लांब ठेवणं. तेवढंही मला जमलं नव्हतं. टोफू यातल्या कशातच नीट बसत नाही. कुत्र्यासारखा हजारो वर्षं माणसाबरोबर राहून घडलेला नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या काचेत गेल्याने जंगलीही राहिलेला नाही. त्याला सोडून देता येत नाही. पिट्सबर्गच्या हिवाळ्यात तर एक रात्रही नाही.

‘पाळणे’ हा शब्द मला तेव्हापासून वेगळा ऐकू यायला लागला. पाल आणि पाळणे यांचं नातं नाही, पाल आली पल्लीवरून, पाळणे पालनावरून. पण मराठीत आपण प्राणी पाळतो, नियम पाळतो, सुतक पाळतो, शब्द पाळतो. यातल्या प्राणी सोडून बाकी सगळ्या पाळण्यांमध्ये आवडीचा संबंध नाही. सुतक आवडतं म्हणून कुणी पाळत नाही. मी ‘दोन-तीन महिने’ असा शब्द रूममेटला दिला होता. त्याने तो मोडल्यावर मी टोफूला वेगळा शब्द कधी दिलाच नाही, आणि दिला असता तरी त्याला कळला नसता. तरीही काहीतरी दिलं गेलं होतं. रोज संध्याकाळी पेटीचं दार बाहेरून बंद करताना.

*

या जानेवारीत बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि बोलणं. हात बराच परत आला, बोलणं अर्धं आलं. मी तीन आठवडे जाऊन आलो. आई त्यांना सोडून बाजारातही जाऊ शकत नाही; शेजारच्या काकू बसल्या तर तासभर. आईच्या वाटा माझ्या डोळ्यांदेखत कमी झाल्या आहेत, आणि त्या कुणी बंद केल्या याचा हिशोब मांडायला बसलो तर यादीत बऱ्याच गोष्टींबरोबर माझी इथली फी, माझं इथलं असणं हेही येतं. त्यांनी सांगितलं नाही. ते सांगत नाहीत. मी एकुलता एक आहे. पुण्यात नोकरी मिळाली आहे. ऑक्टोबरात निघायचं.

टोफूला नेता येणार नाही, हे दोन दिवसांच्या चौकशीत स्पष्ट झालं. परवान्यांचं सोडा, इतका लांबचा प्रवास आणि त्यानंतर आमचा उन्हाळा.

मित्र म्हणाले, देऊन टाक कुणालाही, त्याला काय कळणार आहे. नेमकं हेच मला अडवत होतं. त्याला कळणार नाही, आठवण येणार नाही, दुसऱ्या हातातल्या चमच्यातूनही तो तीन दिवसांत खाईल. म्हणजे माझं जाणं त्याच्या बाजूने घडणारच नाही. पण दिवाळीत काय झालं तेही त्याच्या बाजूने तीन दिवसांत संपलं होतं. समोरच्याला कळत नाही ही सवलत एकदा घेतली, की मग ती बोलता न येणाऱ्या कुणाच्याही बाबतीत घेता येते, आणि बाबा जानेवारीत तीन आठवडे बोलू शकत नव्हते.

तर मी माणूस शोधला. पहिल्याला वीण करायची होती, त्याने सगळ्यात आधी रंगाचे फोटो मागितले आणि शेपटी नाही म्हटल्यावर गप्प झाला. दुसऱ्या घरी मुलाच्या वाढदिवसाची भेट हवी होती. चांगली माणसं होती. मुलगा सात वर्षांचा; टोफू अजून दहा वर्षं तरी जगेल असं सांगितल्यावर वडिलांनी मोबाइल खिशात ठेवला. तिसरी आमच्या ऑफिसातल्या दुसऱ्या टीममधली, पन्नाशीची. तिने पेटीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘उन्हाळ्यात लाइट गेले तर तू काय करतोस?’

आयटीत काम सोडताना ‘केटी’ द्यावी लागते, म्हणजे आपल्याला जे माहीत आहे ते पुढच्याला नीट लिहून आणि दाखवून द्यायचं. मी टोफूची केटी लिहिली. अकरा पानं. कालवणाचं प्रमाण, फवाऱ्याच्या वेळा, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरचा नंबर, दर पंधरवड्याचं वजन. केळ देऊ नये, मागितलं तरी. दिवाळीचंही लिहिलं, तारखेसकट. ते लिहिताना ‘शेपटी गळाली’ असं आलं होतं, ते खोडून ‘माझ्या हातून तुटली’ केलं.

शनिवारी ती गाडी घेऊन आली. पेटी मागच्या सीटवर पट्टा लावून बसवली. टोफू डब्यात, तोच भोकांचा डबा. तिने एसी आधीच लावून ठेवला होता.

घरात आल्यावर पेटीच्या जागी जमिनीवर एक चौकोन राहिला होता, बाकीच्या लाकडापेक्षा गडद. रात्री आईचा फोन आला. गेल्या वर्षभरात तिला सवय लागली आहे, बाबांचं सांगून झालं की शेवटी एक प्रश्न असतो.

‘जेवला का तो?’

‘दिला गं आज. आता मला नाही कळणार ते.’

‘मग विचार की तिला,’ आई म्हणाली.